पाचवा आणि सहावा बोल्ट

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. सातवीनंतर ते स्वतःच शाळेच्या फाटकातून बाहेर पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत. तरी वर्कशॉपमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना मास्तरच म्हणे, कारण ते बोलायला लागले की समोरच्याला आपण बाकावर बसलोय आणि गृहपाठ राहिलाय असं वाटायचं.

वर्कशॉपचं काम एकच. गाडीमागे ट्रेलर ओढायचा तर लोखंडी हुक लागतो, तो बसवून द्यायचा. शिवाय ट्रेलरच्या दिव्यांची वायर, सायकली टांगायची चौकट, ट्रेलर ज्यावर अडकतो तो हवा तेव्हा काढून ठेवता येणारा गोळा, त्या गोळ्याची रबरी टोपी, असं गाडीच्या शेपटाला जे जे लावता येतं ते सगळं तिथे मिळे. एका भिंतीवर पंचवीस-तीस हुक टांगलेले असत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. समोरच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : ‘ऐकल्याशिवाय खूण नाही. खुणेशिवाय रेघ नाही.’

नव्या माणसाला ही पाटी कोड्यासारखी वाटे, पण गोष्ट साधी होती. हुक सहा बोल्टांवर गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो. हे बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळतात. त्या पान्याला किती जोर हवा ते आधी सांगून ठेवायचं. तेवढा जोर पडला की तो आतून ‘टक’ असा आवाज करतो. मास्तरांचा नियम असा की एकाने लिफ्टने वर उचललेल्या गाडीखाली उभं राहून आवळायचं आणि दुसऱ्याने बाजूच्या टेबलाशी त्या गाडीचं कार्ड घेऊन नुसतं ऐकायचं. टक ऐकू आला की त्या बोल्टापुढे खूण. सहा टक, सहा खुणा. मग आवळणाऱ्याने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढेमागे बोल्ट केसभर जरी फिरला तरी तुटलेल्या रेघेवरून कळतं. ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही, हे पोटकलम. “डोळे उघडे असले की कान झोपतात,” असं मास्तरांचं शास्त्र होतं, आणि ते त्यांना कुणी विचारलं नसतानाही ते सांगत.

वीस वर्षांपूर्वी एक ऐकणारा शब्दकोडं सोडवता सोडवता खुणा करताना सापडला होता. मास्तरांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवायला लावलं. त्याच्या घरी म्हातारी आई आहे वगैरे सांगून झालं, पण मास्तर बधले नाहीत. “ट्रेलर सुटून कुणाच्या अंगावर गेला तर त्याच्याही घरी आई असेल,” ते म्हणाले. हे वाक्य ते पुढे वीस वर्षं जो भेटेल त्याला ऐकवत होते.

गेल्या वर्षापासून ऐकायला त्यांचा जावई उभा राहत असे. जावई मूळचा पियानोचे सूर लावणारा. एका संगीतशाळेत कामाला होता, ती शाळा बंद पडली. आता घरात पियानो असणारी माणसं किती, आणि तो सुरात असावा असं वाटणारी त्यातली किती? दोन वर्षं तो घरी बसून भांडी घासत होता. शेवटी मुलगी बापाकडे आली आणि म्हणाली, “बाबा, ह्यांना तुमच्याकडे काहीतरी काम बघा ना. घरात बोलेनासेच झालेत.” मास्तरांनी वर्कशॉपच्या मालकीणबाईंकडे शब्द टाकला आणि जावई कामाला लागला.

तो माणूस मुळात अबोल होता. कानावर पेन्सिल ठेवून तो सांगाल ते करी. मास्तरांना मात्र हा माणूस बघितला की टोमणे सुचत. “जावईबापू, हा पियानो नाही, जोर लावा!” “जावईबापू, बोल्टाला गुदगुल्या करताय का?” पिवळ्या रंगाची डबी लवकर संपते याचंही खापर त्याच्यावर. “पूर्वी एक डबी सहा महिने जायची. तुम्ही काय रात्री भिंती रंगवता?” जावई म्हणे, “बघतो, मामा.” सासऱ्याला तो पहिल्यापासून मामाच म्हणे. मुलीला मात्र नवरा पुन्हा आंघोळ करताना गुणगुणायला लागला याचंच अप्रूप होतं, आणि ते ती दर रविवारी बापाला सांगे.

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण ज्याने काढली, त्याने मास्तरांसारखंच कुणीतरी पाहिलं असणार. कारण गेले आठ महिने मास्तर खोटं काम करत होते.

झालं असं की एका जड हुकाचा भार एकट्याने पेलताना त्यांचा उजवा खांदा गेला. बायकोला त्यांनी मान अवघडली म्हणून सांगितलं. वर्कशॉपमध्ये तेही नाही. तिथे पद्धत होती की ज्याला पाना ओढवत नाही त्याने काउंटरवर बसायचं. त्यांच्या आधीचे फिटर काका असेच काउंटरवर गेले, आणि सहा महिन्यांत लोक त्यांना फक्त संडासची किल्ली कुठे आहे एवढंच विचारायला लागले. मास्तरांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या कशाला ते इतके भीत नसत.

सहापैकी खालचे चार बोल्ट हाताशी असतात. पाचवा आणि सहावा वर, सांगाड्याच्या आत, हात पार डोक्यावर नेऊन ओढावे लागतात. त्या पहिल्या दिवशी मास्तरांनी पाचव्याला पाना लावला, जोर दिला, आणि खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. पाना जागचा हलेना. पलीकडे टेबलाशी जावई खाली मान घालून, पेन्सिल टेकवून वाट बघत होता. एक क्षण गेला, दुसरा गेला. आणि मग मास्तरांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला : टक.

पेन्सिल कार्डावर सरकली. सहाव्यालाही तसंच. मग त्यांनी दोन्ही बोल्टांवर झोकदार पिवळी रेघ ओढली आणि हात धुवायला गेले. हुक झाला की मास्तरांनी हात धुवायला आणि चहाला जायचं आणि जावयाने मागे थांबून दिव्यांची वायर जोडायची, हा रोजचाच क्रम होता.

त्या दिवशी चहा कडू लागला हे खरं. पण माणूस कशालाही सरावतो. गाडी परत आली नाही. पुढचीही आली नाही. मग मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला : चार बोल्ट पुरतात, वरचे दोन कंपनी आपली भीतीपोटी देते. शिवाय आपण हाताने आवळतोच की. पाटीकडे मात्र ते हल्ली बघत नसत. टेबलापाशी जायचं तर लांबच्या बाजूने वळसा घालून जात.

त्या शुक्रवारी मधवाल्या बाई आल्या.

साठीच्या, उन्हाने रापलेल्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि त्या फुलोऱ्याप्रमाणे एका बागेतून दुसऱ्या बागेत हलवाव्या लागत. गाडी नवी घेतली होती, तिला हुक हवा होता. “संध्याकाळी पाचला निघायचंय,” त्या म्हणाल्या. “चोवीस पेट्या भरल्यात. डोंगर उतरून खालच्या बागांत न्यायच्यात. मला बारापर्यंत गाडी हातात पाहिजे, मास्तर. तुमचं नाव ऐकून आलेय.” आणि त्यांनी मधाची एक बरणी टेबलावर ठेवली. “ही तुमच्यासाठी.”

नाव ऐकून आलेय म्हटल्यावर मास्तरांची छाती दोन इंच फुगली. घाई होती म्हणून त्या दिवशी वायरचं काम जावयाने आधी उरकलं आणि हुक शेवटी बसला. मास्तर आवळत होते आणि बाई बाजूला उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. मास्तर त्यांना टक म्हणजे काय, खूण म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, सगळं समजावून सांगत होते. पहिला टक. दुसरा. तिसरा. चौथा. चौथ्यालाच त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पाचवा टक. सहावा टक. जावयाच्या पेन्सिलीने सहा खुणा केल्या. मास्तरांनी सहा रेघा ओढल्या.

“याला म्हणतात काम!” बाई म्हणाल्या. “उतरवा गाडी.”

“मामा,” जावई म्हणाला, “दहा मिनिटं गाडी वरच ठेवू या का? दिवे पुन्हा एकदा बघतो.”

“दिवे लागले ना मघाशी?”

“लागले, पण तरी—”

“जावईबापू,” मास्तर बाईंकडे बघून हसत म्हणाले, “एकदा लागलेला दिवा पुन्हा पुन्हा बघायला ती काय नवी नवरी आहे? उतरवा गाडी.”

बाई खो-खो हसल्या.  जावयाने लिफ्टचं बटण दाबलं, गाडी खाली आली आणि धूळ उडवत निघून गेली.

जेवायच्या सुट्टीत मास्तरांनी डबा उघडला. डोक्यात एकच आकडा घुमत होता : चोवीस पेट्या. आतापर्यंतच्या गाड्यांच्या मागे काय असायचं? दोन सायकली. पालापाचोळ्याचा छोटा ट्रेलर. एखादी होडी, तीही सपाट रस्त्याने. इथे टनभर ओझं होतं आणि डोंगराची उतरण होती. उतरणीवर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, वळणावर बाजूला खेचतो, सगळा ताण हुकावर येतो. चार बोल्ट. तेही चौथा कसा आला होता ते मास्तरांनाच ठाऊक. त्यांनी डबा बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला.

बाईंना फोन करायचा तर सांगायचं काय? मी जिभेने आवाज काढला? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी? त्यांनी फोन उचलून ठेवला, आणि मग त्यांना एक वाट सुचली. ती सुचली याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची होती. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं. जावयाने न ऐकता खूण केली असं म्हणायचं. म्हणजे गाडी परत तपासता येईल, बाई वाचतील, आणि आपलं नावही वाचेल. जावयाचं काय, तो बोलत नाहीच. घरचाच माणूस आहे, समजून घेईल.

मालकीणबाई आतल्या छोट्या खोलीत बसत. नवरा गेल्यावर वर्कशॉप त्यांनी एकटीने चालवलं होतं, आणि शब्द वाया घालवायची त्यांना सवय नव्हती. मास्तर दारात उभे राहिले.

“बाई, जरा बोलायचं होतं. ते सकाळच्या गाडीचं... मला वाटतं, जावईबापूंनी वरच्या दोन बोल्टांना न ऐकताच खूण केली. माझं लक्ष बोलण्यात होतं. गाडी तपासायला हवी.”

मालकीणबाईंनी चष्मा काढला.

“माहितीये मला. तासाभरापूर्वी ते स्वतःच येऊन सांगून गेले. पाचव्या-सहाव्याला टक न ऐकता खूण केली म्हणाले. मधवाल्या बाईंना फोनसुद्धा केलाय त्यांनी, आम्ही येईपर्यंत निघू नका म्हणून. मी म्हटलं, मास्तरांचं जेवण झालं की त्यांना घेऊन जा.” त्या थांबल्या. “बरं झालं तुमच्याही लक्षात आलं.”

सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं, तर मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. पाचवा आणि सहावा हे जावयाला कसं कळलं? आपण जिभेने टक केलं आणि त्याने खूण केली. त्याच्या लेखी तर सगळं ठीक असायला हवं होतं. पियानोच्या अडीचशे तारांतली एक तार सूतभर उतरली तरी ज्याला कळायची, त्या माणसापुढे आपण आठ महिने तोंडाने टक टक करत होतो.

“एक आहे, मास्तर,” मालकीणबाई म्हणाल्या. “सोमवारपासून ते इथे नकोत. तुमचे जावई आहेत, मला वाईट वाटतं. पण न ऐकता खूण करणारा माणूस ठेवायचा नाही, हा नियम तुमचाच. तुम्हीच एकाला घालवलं होतं.”

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मास्तरांनी ते उघडलंही. त्यातून आलं एवढंच : “हो.”

गाडी जावई चालवत होता. मागच्या सीटवर पाना, पिवळी डबी, कार्ड. गावाबाहेरचा रस्ता सरळ होता आणि दोघांत बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणजे बोलण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. या माणसाने आपण खापर फोडायच्या आधीच ते स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं होतं, आणि तरीही आपण ते फोडायला गेलोच. एकदा त्यांनी चोरून जावयाकडे बघितलं. तो नेहमीसारखाच रस्त्याकडे बघत होता.

“खांद्याला वारा लागतोय का? काच वर घेऊ?” जावयाने विचारलं.

मास्तरांनी नुसती मान हलवली. खांद्याचं त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

बाईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेत ट्रेलर भरून तयार होता. पेट्यांवर जाळी बांधलेली, आतून सारखं गुणगुणणं चाललेलं. बाईंनी ट्रेलर गाडीला जोडूनही ठेवला होता. फोन आला नसता तर त्या चारलाच निघणार होत्या, आभाळ भरून आलं होतं म्हणून. मास्तरांना बघून त्यांनी हात जोडले आणि जावयाकडे वळून तोफ डागली.

“ऐकायचं, एवढं एकच काम होतं ना तुमच्याकडे? कान आहेत की नुसती भोकं? माझी मुलगी दुसरी गाडी घेऊन माझ्या मागे असते, ठाऊक आहे? पेट्या हलताहेत का बघत, अगदी ट्रेलरच्या मागे!”

“चुकलं, बाई,” जावई म्हणाला. त्याने ट्रेलर सोडवला, जमिनीवर पुठ्ठा अंथरला आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला. कार्ड मास्तरांच्या हातात आलं. त्यांनीच केलेल्या नियमाप्रमाणे आता त्यांनी ऐकायचं होतं आणि वर बघायचं नव्हतं. पण त्यांनी वाकून बघितलं. पाचव्या बोल्टाला पाना लागला, आणि बोल्ट फिरला. पाव फेरा. अर्धा. त्यांनी सकाळी ओढलेली पिवळी रेघ मधोमध तुटली. एक तुकडा बोल्टाबरोबर गेला, दुसरा पट्टीवर राहिला. पाऊण फेऱ्याला कुठे टक आला. सहावा तर पूर्ण एक फेरा फिरला.

“एक फेरा?” बाई म्हणाल्या. त्यांनाही बोल्टातलं तेवढं कळत होतं. “अहो, ही काय चूक म्हणायची? हा तर जीव घ्यायचा धंदा! मास्तर, तुम्ही होतात म्हणून आम्ही मायलेकी वाचलो. तुमच्यासारखा माणूस आणि असला जावई! कसं सहन करता हो तुम्ही?”

 आयुष्यभर कौतुक ऐकून त्यांचं पोट भरलं नव्हतं. पण हे कौतुक त्यांना सोसवेना. गाडीखाली जावयाचे दोन बूट दिसत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मुलगी रविवारी काय म्हणाली होती, तो आंघोळीत गुणगुणतो.

“बाई,” मास्तर म्हणाले, “ह्यांनी बरोबर खूण केली. टक आला होता. मी काढला होता.”

“म्हणजे?”

“तोंडाने.”

“काय तोंडाने?”

सांगून समजणार नव्हतं. मास्तरांनी जीभ टाळ्याला लावली आणि आवाज केला : टक.

गाडीखालचे बूट हलायचे थांबले. बाई कपाळाला आठ्या घालून बघत राहिल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“पुन्हा करा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा केला. त्या मोकळ्या जागेत, दुपारच्या उजेडात, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस एका बाईसमोर उभा राहून जिभेने टक करत होता. “माझा खांदा गेलाय,” ते म्हणाले. “वरचे दोन ओढवत नाहीत. कुणाला कळू नये म्हणून हे करतो. ह्यांनी ऐकलं, खूण केली. ह्यांची काही चूक नाही. सगळी माझी.”

बाई या वेळी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घराच्या दाराकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, “माझी मुलगी मागे असते.” आणि आत निघून गेल्या.

परत येताना मास्तर म्हणाले, “सरळ मालकीणबाईंच्या खोलीत चला. तुम्हीही या.” आणि मालकीणबाईंसमोर त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, दुपारी त्याच दारात उभं राहून जे खोटं बोलले होते तेही. तिथेही टक करून दाखवावा लागला, कारण मालकीणबाईंचाही विश्वास बसेना. काउंटरवर बसलेले फिटर काका तोंड उघडं टाकून बघत होते. मास्तरांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. जमीन असल्या वेळी कधी दुभंगत नाही.

“किती गाड्या?” मालकीणबाईंनी विचारलं.

“आठ महिने,” मास्तर म्हणाले. “मोजल्या नाहीत.” त्यांनी काउंटरखालून कार्डांचा पत्र्याचा डबा ओढला आणि टेबलावर ठेवला.  “सगळ्यांना फोन करतो. आत्ताच बसतो. एकेकाला सांगतो.”

“सत्तेचाळीस,” जावई म्हणाला.  “पण फोन करायला नको, मामा. कार्डं उलटी करून बघा.”

मास्तरांनी वरचं कार्ड उलटं केलं. मागे कोपऱ्यात पेन्सिलीचे दोन बारीक ठिपके होते. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही.

“तुम्ही हात धुवायला गेलात की मी वरचे दोन आवळून घ्यायचो,” जावई म्हणाला. “वायर जोडायच्या आधी. रेघ तुटायची, म्हणून पुसून पुन्हा ओढायचो. रंग त्यामुळेच जास्त लागायचा. आज वायर आधी झाली होती, आणि मधवाल्या बाई थांबेनात.”

मास्तर एकेक कार्ड उलटं करत गेले. ठिपके, ठिपके, ठिपके. फक्त बरोबर नेलेलं आजचं कार्ड मागून कोरं होतं. अगदी तळाशी ते पहिलं कार्ड निघालं, ज्या दिवशी खांद्यातून कळ गेली होती त्या दिवसाचं. त्यावरही दोन ठिपके होते.

“पहिल्याच दिवशी?” मास्तर म्हणाले. “मग बोलला का नाहीत?”

जावयाने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा ठेवली.

“आज तुम्हीच सांगाल असं वाटायचं, मामा,” तो म्हणाला. “रोज वाटायचं.”